मुंग्या आल्यात

कोपरखैरण्यात, सेक्टर पंधराच्या बैठ्या घरांवरून
ती काळी वायर मीच ओढलेली.
टोकाला दगड बांधायचा, गच्चीवरून गच्चीवर फेकायचा.
एकदा दगड पडला शेडगेकाकूंच्या सांडग्यांत.
पाच महिने केबलचे पैसे दिले नाहीत त्यांनी.
सहाव्या महिन्यात दिले, वर वाटीभर सांडगे.

मढवीशेठचं ऑफिस म्हणजे गावठाणात
गोठ्याची मागची खोली.
म्हशी गेल्या, रिसीव्हर आले,
वास म्हशींचाच राहिला.
फळ्यांवर खोकी, खोक्यागणिक एक चॅनल,
आणि सगळ्यांत खाली, विटेवर टेकवलेला
आमचा स्वतःचा, बेचाळीस नंबर.

बेचाळीसवर दुपारी सिनेमा, खाली पळती पट्टी:
उद्या पाणी उशिरा येईल.
कु. तेजश्री घोणे, दहावीत एकाहत्तर टक्के.
राखाडी बोका, डावा कान फाटका, दिसल्यास कळवणे.
बोका सापडला
तर त्याचीही पट्टी फिरली तीन दिवस.

फोन यायचा: "मुंग्या आल्यात."
बस. नाव नाही, पत्ता नाही.
आवाजावरून घर कळायचं.
मी गच्चीवर, खिडकीत कुणाचं तरी पोर,
आत टीव्हीसमोर कमरेवर हात ठेवून घरमालकीण.
तार दातांनी सोलायची, कनेक्टर पिळायचा:
— आलं का?
पोर आत तोंड करून: आलं का?
आतून: बातम्यांवाल्याला दोन डोकी आहेत.
पोर वर तोंड करून: दोन डोकी!
— आता?
— एक गेलं!
— राहिलेलं कसंय?
— हिरवं!

मग कायदा आला. मुदत मार्चअखेर.
डबे आले, थर्माकोलात झोपलेले,
प्रत्येकाच्या पोटात एक कार्ड.
फॉर्म भरायला घरोघर फिरलो
आणि वीस वर्षांत पहिल्यांदा कळलं
की शेडगेकाकूंचं नाव अनसूया आहे.

शेवटच्या रात्री मढवीशेठ लुंगीवरच येऊन बसले.
एकेक खोकं बंद करत गेले,
खेळाचं, बातम्यांचं, कार्टूनचं.
छोट्या टीव्हीवर एकेका नंबरात मुंग्या भरत गेल्या,
गूळ सांडल्यासारख्या.
बेचाळीसपाशी थांबले.
"हनम्या, तू दाब. माजा हात नाय जात."
म्हटलं, आधी पट्टी टाकू.
काय टाकायची?
बराच वेळ कीबोर्डवर बोट धरून बसलो.
शेवटी टाकलं:
उद्या पाणी वेळेवर येईल.

आता चित्र असतं, नाहीतर नसतं.
मधलं काही उरलं नाही.
शेजारच्या चॅनलचं गाणं बातम्यांत झिरपत नाही.
बिघडलंच तर चेहरा चौकोन-चौकोन होऊन गोठतो,
उखडलेल्या लाद्यांसारखा,
मग सगळं निळं, निळ्यावर एक नंबर.
तो फिरवला की बाई म्हणते, मराठीसाठी दोन दाबा.
दोन दाबतात. मग ती ग्राहक क्रमांक विचारते,
आणि काकू चष्मा शोधायला उठतात.
चित्र फार सुरेख येतं, खोटं कशाला बोलू.
क्रिकेटच्या चेंडूची शिवण दिसते.

गेल्या मंगळवारी महापालिकेची नोटीस खिशात घालून
मेलेल्या वायरी उतरवायला गेलो.
त्याच गच्च्या, तोच मी, गुडघे वेगळे.
पक्कड लावली
आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं:
आलं का?

खालून कुणीतरी नवीन भाडेकरीण ओरडली,
"ओ, ती कापू नका! माझे कपडे आहेत तिच्यावर."

वाकून पाहिलं. दोन घरांच्या मधे
हाताला येईल एवढी झोळ पडलेली,
त्यावर दोन चादरी, एक शाळेचा शर्ट,
आणि वाऱ्यानं सगळं एका बाजूला सरकलेलं.

पक्कड खिशात घातली.
वहीत त्या वायरीपुढे लिहिलं:
लाइन चालू आहे.